वेंडेलिनचं शेवटचं प्रकरण

१

कुमार ऑफिसला गेला की मधुमती आधी ओटा आवरायची, मशीनमध्ये कपडे टाकायची आणि चहाचा दुसरा कप घेऊन मजलिसमध्ये जाऊन बसायची. रियाधमधल्या जुन्या फ्लॅटांना असतात तशी त्यांच्याही फ्लॅटला जिन्यावर उघडणारी दोन दारं होती. एक घरच्यांचं. दुसरं पुरुष पाहुण्यांचं, ते थेट मजलिसमध्ये उघडायचं, म्हणजे परक्या माणसाची नजर घरातल्या बायकांवर पडायला नको. कुमार-मधुमतीकडे असे पाहुणे येतच नसत. येणारे सगळे कुमारच्या बँकेतले मराठी मित्र, बायका-मुलांसकट, आणि ते सरळ हॉलमध्ये पसरायचे. त्यामुळे मजलिसचं बाहेरचं दार कायम कुलूपबंद असे. आत घरमालकाच्या तपकिरी गाद्या, तपकिरी लोड, आणि घरात उघडणारं धुरकट काचेचं दार. मलझ भागातल्या गाड्यांचा आवाज तिथवर पोचत नसे. मधुमतीनं ती खोली कामासाठी घेतली होती.

लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं ती पुण्यात जर्मन शिकवत होती. कुमारची बदली झाली, नोकरी सुटली. इथं बायकांना गाडी चालवायची मुभा नाही, एकटीनं जायचं तरी कुठं? म्हणून एका पुणेरी प्रकाशकानं जर्मन पाद्र्याचं चरित्र मराठीत आणायला दिलं तेव्हा तिला हायसं वाटलं. पुस्तकाच्या झेरॉक्स तिनं सामानातल्या पापडांच्या खाली घालून आणल्या.

"पाद्र्याचं चरित्र, आणि ते इथं!" कुमार म्हणाला होता. "एअरपोर्टवर उघडून बघितलं असतं म्हणजे?"

"बघितलं नाही ना? झालं तर मग."

तिची कामाची पद्धत जुनी होती. जर्मन वाक्य मोठ्यानं वाचायचं. मग तेच मराठीत मोठ्यानं म्हणून बघायचं. कानाला पटलं तरच लिहायचं. आणि पुढचं पान आधी वाचून ठेवायचं नाही. तिच्या जर्मनच्या बाईंनी तिला तसंच शिकवलं होतं.

२

पाद्र्याचं नाव वेंडेलिन श्पेश्ट. पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा. नदीकाठच्या एका लहानशा गावात जन्मला, हुशार निघाला, लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. परत आला तो त्याच गावच्या चर्चचा धर्मगुरू होऊन, सोबत पुस्तकांनी भरलेल्या पेट्या. माणसानं मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचावेत, स्वतःच्या डोक्यानं विचार करावा, असं तो म्हणायचा आणि लोकांना ते आवडायचं. तोवर बिघडलं काहीच नव्हतं.

मग लूथरचं बंड झालं आणि गावोगाव लोक दोन बाजूंना उभे राहिले. वेंडेलिनला दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं पटत होतं. सकाळी तो जुन्या पद्धतीनं लॅटिनमधून प्रार्थना चालवी आणि दुपारी त्याच चर्चमध्ये साध्या जर्मनमध्ये बायबल समजावून सांगे. काही दिवस दोन्हीकडचे लोक खूश होते. नंतर दोन्हीकडचे चिडले. शेतकऱ्यांनी सरदारांविरुद्ध हत्यारं उचलली तेव्हा दोघांनीही त्याला विचारलं, तू कोणाच्या बाजूचा? तो म्हणाला, उद्या सांगतो. शेवटी गावच्या पंचांनी त्याला मुदत दिली. रविवारी चर्च भरलं. वेंडेलिन पायऱ्या चढून वर उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला आणि एक शब्द न बोलता खाली उतरला.

त्याचं पद गेलं. म्हातारपणी तो गावाच्या तटबंदीजवळच्या एका खोलीत राहायचा. आठवण गेली होती. येईल त्याला एकच विचारायचा, "मी काय ठरवलं?" जो तो आपापल्या बाजूचं उत्तर द्यायचा. वेंडेलिन प्रत्येकाचे आभार मानायचा आणि पुढच्याला पुन्हा तेच विचारायचा.

इथवर मधुमती पोचली होती. राहिलं होतं फक्त शेवटचं प्रकरण.

३

शेजारी शरफुन्निसा चाची राहायच्या. रत्नागिरीकडच्या. मुलाचं बत्ह्याच्या बाजारात कपड्यांचं दुकान, सून शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे सकाळी चाची एकट्याच असत. त्यांची निजायची खोली आणि मधुमतीची मजलिस यांच्यामध्ये एकच भिंत. अधूनमधून त्या नारळाची वडी नाहीतर गरम घावन घेऊन यायच्या आणि तासभर बसायच्या.

त्या दिवशी वडीची बशी देता देता त्या सहज म्हणाल्या, "तुजे मामंजी बरे हायत ना गो? खोकला लय हाय त्यांना."

"माझे मामंजी?"

"मग कोन ते? सकाळी तुज्यासोबत वाचतात ते."

मधुमती हसली. "मीच वाचते, चाची. जर्मन वाचते मी."

"तुजा आवाज म्हायत हाय मला." चाचींनी पदर सावरला. "तू वाचतेस, मग ते बोलतात. मग तू परत वाचतेस. म्हातारा मानूस वाटतो. मी म्हटलं, गावावरनं सासरे आले असतील, भेटवलंस नाय आजून."

मधुमतीचे सासरे कधीच गेले होते. ते तिनं सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरचा टीव्ही असेल, म्हणाली. चाचींनीही मान हलवली, हो, असेल. पण जाताना त्यांनी मजलिसच्या बंद दाराकडे बघून डोक्यावरचा पदर नीट ओढून घेतला. घरात परका पुरुष असला की त्या घ्यायच्या तसा.

४

"जर्मन बोलताना तुझा आवाज बदलतोच," रात्री जेवताना कुमार म्हणाला. "जाड होतो. क्लासमध्ये पोरं नक्कल करायची ना तुझी? भिंतीपलीकडून ऐकलं तर बाप्याच वाटेल."

हे पटण्यासारखं होतं. मधुमतीला एकदम हलकं वाटलं. तरीही दुसऱ्या दिवशी कामाला बसताना तिनं कुमारचा जुना टेपरेकॉर्डर शेजारी ठेवला. कॅसेट संपली तेव्हा मागे नेऊन लावली.

कुमारचं खरं होतं. जर्मन वाचताना तिचा आवाज खाली जात होता. एक जर्मन वाक्य, एक मराठी, मग पेनाची कुरकुर. पुन्हा जर्मन, पुन्हा मराठी. ती ऐकत राहिली. मधेच एके ठिकाणी मराठी वाक्यानंतर पेन वाजलं नाही. नुसती शांतता. एसीची घरघर तेवढी. शांतता इतकी लांबली की कॅसेट अडकली असं तिला वाटलं. आणि मग तिचाच आवाज, अगदी घरगुती, कुणाशी तरी बोलावं तसा म्हणाला, "बरं, 'निर्णय' नको. जड होतो. 'ठरवलं' असंच लिहिते."

तिनं वही उघडली. 'निर्णय घेतला' हे खोडून वर 'ठरवलं' लिहिलेलं होतं. अक्षर तिचंच. शब्द बदलल्याचं तिला आठवत होतं. मोठ्यानं बोलल्याचं आठवत नव्हतं. पण कामात असलं की माणूस स्वतःशी बोलतोच. ती नेहमीच बोलायची का? कुमारला विचारावं असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, काय विचारणार?

तिनं त्याच कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग लावून ठेवलं आणि भाजी निवडायला गेली. त्यामुळे ते पुसलं गेलं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि आपण ते मुद्दाम केलं की चुकून, हेही तिला सांगता आलं नसतं.

५

कुमार एका संध्याकाळी घरी आला तो बूट न काढताच हॉलमध्ये बसला.

"मधू, सकाळी घरी कोण येतं?"

"कोणी नाही. चाची येतात कधी कधी."

"जमालुद्दीनला विचारलं मी." जमालुद्दीन म्हणजे इमारतीचा राखणदार, बिहारचा, भला माणूस, सगळ्यांच्या गाड्या धुऊन द्यायचा. "विचारलं म्हणजे, त्यानंच मला बाजूला घेतलं. म्हणाला, साहब, बुरा मत मानिये, मेहमान से बोलिये जूते अंदर रखें."

"कसले जूते?"

"मजलिसच्या दाराबाहेर. चामड्याचे, जुने, फीत नाही, काही नाही. आणि चिखलानं भरलेले. ओला चिखल. त्यानं दोन वेळा लादी पुसली म्हणे."

रियाधमध्ये कित्येक महिने पाऊस नव्हता. चिखल येणार कुठून?

"ते दार आपण कधी उघडतच नाही," ती म्हणाली. "किल्ली तुझ्याकडे असते."

"तेच ना." कुमारनं किल्ल्यांचा जुडगा समोर टीपॉयवर ठेवला, आणि दोघं त्याच्याकडे बघत बसली. मग तो हळू आवाजात बोलायला लागला. "नवरा घरी नसताना परका पुरुष घरात. उद्या कुणी तक्रार केली तर मुतव्वे, धर्माचे पोलीस, दारात उभे राहतील. माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा परवाना आहे तो, मला एका दिवसात घरी पाठवील. ते एक वेळ चालेल. पण तुला... तुला काय करतील मला माहीत नाही."

"तुझा विश्वास नाही माझ्यावर?"

"मला काय वाटतं तेच मला कळत नाहीये." तो खरं बोलत होता, हे तिला दिसत होतं. "तू ते काम बंद कर. नाहीतर थोडे दिवस पुण्याला जा. आईकडे. काय ते ठरव."

"उद्या सांगते," मधुमती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला जाणवलं, हे शब्द तिनं नुकतेच कुठंतरी लिहिले होते.

६

दुसऱ्या दिवशी तिनं कामाला हात लावला नाही. वाळलेले कपडे घेऊन ती पॅसेजमध्ये जमिनीवर घड्या घालत बसली. दुपारच्या नमाजाची बांग होऊन गेली. बाहेर दुकानांची शटरं खाली आली आणि इमारत शांत झाली.

कुमारच्या शर्टाची बाही आत दुमडताना तिला खोकला ऐकू आला. सुका, म्हाताऱ्या माणसाचा. कुणाला त्रास नको म्हणून दाबलेला.

चाचींच्या घरातून आला असेल. बाथरूमच्या डक्टमधून खालचे आवाज वर येतात, कुमारनं मागे तिला सांगितलं होतं. ती घड्या घालत राहिली. मग एक वाक्य आलं. जर्मन होतं, पण ती शिकवायची ते नव्हे. जाडंभरडं, अर्धे शब्द गिळलेलं. समजून घ्यायला तिला मनात पुन्हा म्हणावं लागलं, आणि म्हणता म्हणता तिचं तिलाच नकळत मराठी होत गेलं.

मी काय ठरवलं?

आवाजात धमकी नव्हती. राग नव्हता. औषध घेतलं की नाही ते विसरलेला म्हातारा घरातल्यांना विचारतो, तसा तो प्रश्न होता. त्यामुळेच ती उठली. उत्तर न देणं तिला वाईट वाटलं असतं.

मजलिसच्या धुरकट काचेतून पलीकडे तपकिरी काहीतरी दिसत होतं. बसलेल्या माणसाएवढ्या उंचीचं. लोड असेल. लोड तपकिरीच होते. ती काचेशी उभी राहिली आणि तिचा श्वास काचेवर उमटला. तपकिरी आकार जरासा पुढे झुकला, ऐकायला कान पुढे करावा तसा. की तीच झुकली होती?

तिनं दार ढकललं. गाद्या, लोड, तिचे कागद, कालचा चहाचा कप. एक लोड भिंतीपासून सुटून उभा ठेवलेला होता, आणि त्याच्यासमोर, बोलायला बसावं तेवढ्या अंतरावर, तिची स्वतःची उशी. असं तिनं ठेवलं होतं का? पाठ दुखते म्हणून ती कधी कधी लोड उभा करायची. करायची बहुतेक. तिला आठवेना.

त्या रात्री कुमारनं विचारलं, "काय ठरवलंस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. दिवसभरात काहीतरी नक्की ठरवलं होतं तिनं. ठरवून बरंही वाटलं होतं. काय ते मात्र काही केल्या सापडेना.

७

मग ते धुळीचं वादळ आलं. सकाळी आकाश पिवळं होतं, दुपारी विटकरी झालं. मधुमतीनं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबली, दिवा लावला आणि वाल सोलत बसली. दाताखाली धूळ करकरत होती. मजलिसकडे ती फिरकलीसुद्धा नव्हती.

कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. घरच्या दाराचा नव्हे, पलीकडच्या. बँक लवकर सोडली असणार, म्हणजे कुमार आला. पण त्या दारानं का? तिनं हाक मारली. उत्तर नाही. दार उघडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. पावलं नाहीत, किल्ल्या ठेवल्या नाहीत, काही नाही. ती वाट बघत राहिली. शेवटी ओल्या हातांनीच उठली.

कुमार मजलिसमध्ये उभा होता. केसांवर, भुवयांवर धूळ. मागे बाहेरचं दार सताड उघडं, जिन्यातला धुळकट उजेड आत येत होता. तो खोलीकडे बघत नव्हता. काचेच्या दारातून येणाऱ्या मधुमतीकडे बघत होता, आणि ती पूर्ण आत येईपर्यंत त्यानं डोळे हलवले नाहीत.

"तू कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात. वाल सोलत होते."

"आत्ता म्हणतोय मी. आत्ता."

"आत्ताच. सकाळपासून तिथंच आहे."

त्यानं तिचा हात धरला. वालाची सालं बोटांना चिकटलेली होती, ती त्यानं अंगठ्यानं चोळून पाहिली.

"मी जिन्यात उभा होतो," तो म्हणाला. "लपूनच उभा होतो, खोटं कशाला बोलू? तुम्ही दोघं बोलत होतात. तो विचारत होता, तू त्याला वाचून दाखवत होतीस. मराठीत. तुझा आवाज मी ओळखतो, मधू. इतकी वर्षं ऐकतोय. तू म्हणालीस, आता शेवटचं प्रकरण. मी किल्ली घातली तरी तू थांबली नाहीस."

"मी शेवटचं प्रकरण उघडलेलंसुद्धा नाही."

"मग मी दार उघडलं," कुमार म्हणाला.

"काय दिसलं?"

तो गादीवर बसायला वाकला, मग काहीतरी आठवल्यासारखा सरळ झाला आणि पॅसेजमध्ये जाऊन जमिनीवर बसला. परका पुरुष सापडला असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. भांडता आलं असतं. मारता आलं असतं.

त्याच आठवड्यात त्यानं तिचा सौदीबाहेर जायचा व्हिसा काढला आणि तिला पुण्याच्या विमानात बसवलं. एअरपोर्टवर तो सारखा तिचा हात हातात घेत होता. वरून प्रेमच वाटलं असतं. मधुमतीला कळत होतं, तो हात तपासून बघत होता.

८

पुण्यात आईकडे सगळं ठीक होतं. कुमारनं एका सहकाऱ्याच्या घरी मुक्काम हलवला होता. मलझचा फ्लॅट करार संपेपर्यंत बंद राहणार होता. मधुमतीनं सामान सोडलं तेव्हा लक्षात आलं, शेवटच्या प्रकरणाच्या झेरॉक्स त्यात नाहीत. प्रकाशकाचा फोन आला, त्यांना तिनं थोडे दिवस मागून घेतले. खरं तर तिला आधीची पानंही वाचवत नव्हती. शब्द कळायचे. मोठ्यानं वाचायला गेलं की आवाज बाहेर येत नसे. घसा बसला असेल, आई म्हणाली. हवा बदलली.

एका सकाळी फोन वाजला. मधुमतीनं हॉलमधला रिसीव्हर उचलला.

"मी शरफुन्निसा. रियाधवरनं बोलतंय." चाचींचा श्वास लागला होता. "आदी मला सांग, तू कुठं हायस?"

"पुण्यात, चाची. तुम्हीच लावलात ना इथला फोन?" ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

चाचींनी पुन्हा एकदा विचारलं, नक्की पुण्यात? हो, ती म्हणाली.

"मग मी सांगतंय ते आयक," चाची म्हणाल्या. "तू गेलीस तरी वाचन थांबलं नव्हतं. रोज सकाळी, तुजाच आवाज. मी कुनाला बोललंय नाय. म्हातारी झालंय, कानात काय बी वाजतं, म्हटलं. आज ते संपलं. तू कायतरी शेवटचं वाचलंस आनि तो रडायला लागला. मोठ्यानं नाय, लेकरू झोपेत रडतं तसा. मग तू त्याला म्हनालीस, उठा आता, चला."

"मी?"

"तूच. मग दार वाजलं. मजलिसचं. कुलूप नाय, किल्ली नाय, नुसतं उघडलं. मी धावत माज्या दाराशी गेलंय आनि भोकातनं बगितलं. खोटं नाय सांगत. जिन्यावर त्याची पाठ दिसली. लांब काळा अंगरखा, भिंत धरून उतरत होता. आनि त्याचा हात धरून तू."

स्वयंपाकघरातून आई काहीतरी विचारत होती. चहाचं असेल.

"मला ऱ्हावलं नाय. मी दार उघडलंय, हाक मारली, मधू, ए मधू! तू वळलीस. अंगावर, केसांवर किती धूळ होती गो तुज्या! माज्याकडं नीट बगितलंस." चाचींचा आवाज फाटला. "आनि ओळखलं नायस मला. परक्या बाईकडं बगावं तसं बगितलंस आनि खाली गेलीस."

त्या रडत होत्या. रडत रडत अजून काहीतरी सांगत होत्या, वडीचं, घावनांचं, एकत्र बसून घालवलेल्या सकाळींचं. मधुमती लक्ष देऊन ऐकत होती. म्हातारी बाई होती. कोकणातली असावी. आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटत होता, आणि तिचं रडणं ऐकून मधुमतीला फार वाईट वाटत होतं.

ती बाई थांबेपर्यंत मधुमती थांबली. मग शक्य तितक्या मऊ आवाजात तिनं विचारलं, "माफ करा हं, आपण कोण बोलताय?"